पुण्याचं आभाळ जाहिरातींना भाड्याने द्यायचं का?

पर्वतीपायथा
परवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका इव्हेंटवाल्याचं दरपत्रक आलं. रात्री आकाशात दिव्यांची चित्रं काढणारे 200 ड्रोन, दहा मिनिटं, 'तुमचा ब्रँड आकाशात'. शेजारच्या नव्या स्कीमच्या उद्घाटनाला बिल्डरला ते करायचंय, आणि आमची गच्ची हवीय. 29 जानेवारी 2022 ला दिल्लीत बीटिंग रिट्रीटला 1000 ड्रोन उडाले, तेव्हा मीही टीव्हीसमोर बसून टाळ्या पिटल्या होत्या. पण ती हौस वेगळी आणि टू-बीएचकेची जाहिरात वेगळी. चौकातल्या फ्लेक्सकडे पाठ करून उभं राहता येतं. गच्चीवर चटई टाकून उताणं पडलेल्या माणसाने कुठे बघायचं? जाहिरातीला सरसकट बंदी हवी. सणासुदीला मोजके दिवस द्या, त्याला ना नाही.

टिळकरोडी
आले पुणेकर पाटी घेऊन: 'येथे वर पाहू नये'!
अहो, दहा मिनिटांचा खेळ, मग आभाळ मोकळं. ऑक्टोबर 2018 मध्ये जुन्या बाजारापाशी होर्डिंगचा सांगाडा पडून चार माणसं गेली, तो दहा मिनिटांत उतरत नव्हता. विसर्जन मिरवणुकीतले लेझर डोळ्यांत जायचे, दिवाळीचा धूर आठवडाभर खोकवतो. ड्रोनला ना धूर, ना आवाज.

बालेवाडी_फाटा
सहमत. ॲनिमेशन शिकलेल्या पोरांना काम मिळतंय. माझी भाची हेच करते, अख्खा शो आधी संगणकावर उडवून बघतात.

सोल्डरगन
'ना आवाज' लिहिणाऱ्याने एकदा खाली उभं राहावं. 200 ड्रोन म्हणजे 800 पंखे. आग्या मोहोळ उठल्यासारखं वाटतं.

आता थोडं तांत्रिक, कारण दोन्ही बाजू हवेत बोलताहेत (माफ करा). प्रत्येक ड्रोन म्हणजे एक ठिपका. साधं जीपीएस दोन-चार मीटर इकडेतिकडे होतं, तेवढ्याने गणपतीची सोंड कानाला चिकटेल. म्हणून जमिनीवर एक स्थिर स्टेशन ठेवून चूक दुरुस्त करतात, ती सेंटिमीटरांवर येते. पण शेजारशेजारचे ड्रोन सहसा एकमेकांना दिसत नाहीत. जो तो आपला पाठ केलेला रस्ता उडतो. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत ऑरलँडोला ड्रोन हवेत एकमेकांवर आदळून प्रेक्षकांकडे आले, सात वर्षांचा मुलगा गंभीर जखमी झाला. तिथे खाली तळं होतं, तरी. तुमच्या सोसायटीखाली काय आहे? पार्किंग आणि पाणीपुरीची गाडी.

शिवाय 200 ठिपक्यांत देवनागरी लिहून बघा. वेलांटी, रफार, जोडाक्षरं... बिल्डरचं आडनाव संपेपर्यंत ड्रोन संपतील. 2021 मध्ये शांघायला आकाशात चक्क क्यूआर कोड काढला, खालून मोबाइल धरला की गेमचं पान उघडायचं. त्याला 1500 लागले.

टिळकरोडी
म्हणजे धोका जागेचा आहे, जाहिरातीचा नाही. नदीपात्रात रिकाम्या जागी करा, प्रेक्षक लांब ठेवा. आणि तुमचे मोजके सण तरी कोणाच्या पैशाने होणार? प्रायोजकाचा लोगो शेवटी उमटणारच, गणेशमंडळाच्या कमानीवर असतो तसा.

पर्वतीपायथा
कमान माझ्या गच्चीवर नाही.

सदाशिवपेठी_वकील
भांडण 1949 सालीच मिटलंय. महापालिका अधिनियम, कलम 244: 'आकाशचिन्ह'. आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात, आणि तिच्या व्याख्येत फुगा, पॅराशूट किंवा तत्सम साधनसुद्धा. ड्रोन 'तत्सम' नसेल तर काय असेल? म्हणजे बंदी नको, परवानगी लागतेच. होर्डिंगवाल्यांना माहीत असलेलं महापालिकेचं आकाशचिन्ह खातं इतकी वर्षं लोखंड मोजत बसलं, आता पहिल्यांदा नावाला जागेल. वर ड्रोन नियम 2021 आहेतच. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांच्या वर जायचं तर हवाई नियंत्रणाची परवानगी, आणि आपलं लोहगाव विमानतळ तर हवाई दलाचं.

बालेवाडी_फाटा
वकीलसाहेब, होर्डिंगचं शुल्क चौरस फुटावर असतं. ड्रोनच्या लोगोचं क्षेत्रफळ कसं काढणार? ठिपक्यांमधला अंधार धरायचा की वगळायचा?

सदाशिवपेठी_वकील
धरणार. त्यातच तर उत्पन्न आहे.