खडपावरच्या दोन हंगामांच्या नोंदी: यातून काही वाचवता येईल का? (मदत हवी आहे)

ओहोटीकर:

नमस्कार मंडळी. जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे येईलच.

आम्ही सात-आठ जण गेले दोन हिवाळे अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला खडपावर, म्हणजे पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या खडकाळ किनाऱ्यावर, जातो. दिसेल त्याचे फोटो आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ) टाकतो आणि प्लास्टिकच्या पाइपची एक मीटरची चौकट खडकावर ठेवून आतली कालवं, शंख, बार्नॅकल (खडकाला घट्ट चिकटलेले कवचवाले बारके जीव) मोजतो. हौसेनं सुरू झालं आणि हां हां म्हणता दोन वह्या भरल्या.

मागच्या महिन्यात ओळखीच्या एका प्राध्यापकांनी वह्या चाळल्या आणि एकच विचारलं, "मग कालवं वाढली की घटली?" आम्ही गप्प. पहिल्या वर्षी चौकट पडायची ती जिथं काही गंमत दिसेल तिथंच. नुसत्या खडकावर पडली की मुलं उचलून पलीकडे ठेवायची, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी माणसं बदलली. कुणी पंधरा मिनिटं मोजलं, कुणी दीड तास. एका पानावर तारीख नाही, चहाचा डाग आहे.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. त्याच खडपावर वाडीतल्या बायका कालवं फोडायला येतात. पहिले काही महिने त्या आमच्याकडे बघून हसायच्या. यंदा एका मावशींनी सरळ विचारलं, "तुमी फोटू टाकणार, नि उद्या गाडी भरून लोकं आली तर आमी काय वेचायचं?" दुसऱ्या एकीला भीती की मोजणी झाली म्हणजे मागोमाग बंदी येणार. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि घरी आल्यावर स्वतःचाच राग आला.

तर विचारायचं आहे ते असं: जुन्या नोंदी टाकून द्यायच्या का? पुढच्या हंगामात माणसं बदलली तरी मोजणी सारखी राहील, असं काय करावं? आणि मावशींना काय उत्तर द्यावं?

खेकडाचाल:

टाकू नका! जिथं मुद्दाम चांगली जागा शोधून चौकट ठेवली, त्या आकड्यांवरून वाढ-घट काढता येणार नाही, तो नाद सोडा. पण कोणता जीव कोणत्या महिन्यात दिसला, अंडी कधी दिसली, हे सगळं खरंच आहे. ते प्रजातींच्या यादीत आणि हंगामाच्या नोंदीत चालतं. दोन्ही गोष्टींसाठी वही एकच असली तरी पानांवर वेगळी खूण करून ठेवा.

वेळेचा घोळही थोडा निस्तरता येईल. पहिला फोटो किती वाजताचा आणि शेवटचा किती वाजताचा, यावरून त्या दिवशी साधारण किती वेळ शोधलं ते कळतं. फक्त फोटो मूळ मोबाइलमधूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आला की त्यातली वेळ आणि जागेची माहिती गळून पडते. आमच्या गटाचं अख्खं पहिलं वर्ष असंच गेलं, म्हणून पोटतिडकीनं सांगतोय.

भांगाची भरती:

ओहोटीची उंची लिहिलीत का? नसेल तर तारखांवरून जुन्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. दोन्ही दिवशी "ओहोटीला मोजलं" म्हणून भागत नाही. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या) दिवसांत पाणी खूप खाली जातं आणि एरवी बुडालेला पट्टा उघडा पडतो. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत तो दिसतच नाही. मग एका वारीत झोअँथिडचे (प्रवाळांच्या नात्यातले, खडकावर दाटीनं पसरणारे मऊ जीव) गालिचे सापडले आणि दुसऱ्या वारीत नाही, म्हणजे ते मेले असं नव्हे, ते पाण्याखाली होते.

जुन्या लोकांचा हिशोब ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. कधी निघायचं ते ठरवायला हे पुरतं, पण पाणी किती खाली जाणार ते यातून कळत नाही. त्याला तक्ताच लागतो.

पुढच्या हंगामासाठी किनाऱ्याला समांतर तीन रेघा ठरवा: वरची (बारीक शंखांचा पट्टा), मधली (कालवं) आणि खालची. प्रत्येक रेघेवर दोरी टाकायची आणि ठरलेल्या अंतरावर चौकट ठेवायची, मग खाली नुसता खडक असो नाहीतर खळगा. रिकामी चौकट म्हणजे शून्य, आणि शून्य लिहायचंच. नवीन मुलांना सगळ्यात जड जातं ते हेच. काही नसलेलं लिहायला हात उठत नाही. प्रत्येक चौकटीचा वरून सरळ फोटो काढून ठेवा, म्हणजे मोजणाऱ्याबद्दल शंका आली तर दुसऱ्याला घरी बसून मोजता येईल.

रेघेची जागा दरवेळी तीच सापडायला खडकावर रंग नको. मच्छीमार समुद्रातली जागा लक्षात ठेवतात तसं करा: देवळाचा कळस आणि टेकडीवरचं झाड एका रेषेत आलं की थांबायचं.

शिंपला:

मावशींच्या प्रश्नाबद्दल. आयनॅचरलिस्टवर नोंदीची जागा धूसर ठेवायची सोय आहे. मग नकाशावर ती ०.२ अंश गुणिले ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही दिसते, म्हणजे आपल्याकडे साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या पट्ट्यात. काही संकटग्रस्त प्रजातींच्या बाबतीत हे आपोआप होतं, बाकीच्यांसाठी तुम्हाला निवडावं लागतं. पण त्याच दिवशीच्या बाकी दहा नोंदी उघड्या ठेवल्यात, किंवा फोटोत मागे गावची जेटी आली, तर धूसर करून काय उपयोग?

हजरजबाबी:

मी थोडं उलट बोलतो. लपवालपवीचा अतिरेक नको. मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबईवाल्यांनी २०१७ पासून शहरातल्या किनाऱ्यांवर लोकांना फिरवलं आणि फोटो जमवले. मुंबईचा समुद्र म्हणजे गटार, असं बिनदिक्कत म्हणणाऱ्यांना तिथली प्रवाळं दिसली. नोंद नसली की "तिथं काही नव्हतंच" म्हणणं फार सोपं जातं. उद्या तुमच्या खडपावर भराव घालायचं ठरलं तर त्या बायकांच्या बाजूनं दाखवायला कागद कुठला?

शिंपला:

मान्य, पण कागद कुणाच्या हातात हाही प्रश्न आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या वेळास गावाचं उदाहरण सगळे देतात. तिथं २००२ पासून कासवांची घरटी राखली गेली, कासव महोत्सव आला, पाहुणे आले, गावाला चार पैसे मिळाले. कासव आणि गाव यांचं हित जुळलं. इथं ज्याची मोजणी चालली आहे तेच बायका वेचतात, मग संशय येणारच. त्यांना नुसतं समजावू नका, विचारा. कुठला खडक आधी संपतो, कुठं बारकी कालवं सोडून देतात, हे त्यांना तुमच्या चौकटीपेक्षा आधी कळलेलं असतं.

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातले जीव आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती लिहायची वही) असते. तुमच्या पंचायतीत ती नुसती कागदावर आहे की खरी, ते बघा. खरी असेल तर जागेसकट तपशील तिथं ठेवायचा की नाही, हे बायकांनाच ठरवू द्या.

ओहोटीकर:

सगळ्यांचे आभार. रविवारी मावशींच्या पडवीत बसलो. आम्ही तिघं, त्या पाच जणी. वही उघडून दाखवली. मावशींनी पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर बोट ठेवून विचारलं, "ही येवढी कुठं मोजलीत? त्या कोपऱ्याव आमी जातच नाय, पाय कापतो." म्हणजे आम्ही बरोब्बर न वेचलेल्या जागेवरच मोजत होतो. हे प्राध्यापकांनाही सुचलं नव्हतं.

ठरलं ते एवढंच: कालवांच्या चौकटींचे आकडे आणि जागा इंटरनेटवर जाणार नाहीत. बाकी फोटो धूसर जागेनं जातील, मागे जेटी न घेता. तीन रेघांपैकी मधली त्या दाखवतील, वेचतात तिथं एक आणि वेचत नाहीत तिथं एक, असे दोन तुकडे. बंदीची भीती मात्र गेलेली नाही. मी तसं वचन देऊ शकत नव्हतो आणि दिलंही नाही.

एक शंका उरली. खालच्या रेघेवर झोअँथिडचा गालिचाच असतो, त्यात सुटे जीव मोजायचे कसे?

भांगाची भरती:

मोजू नका. चौकटीला आडव्या दहा आणि उभ्या दहा दोऱ्या बांधा, शंभर गाठी होतील. ज्या गाठीखाली झोअँथिड, ती धरायची. सदतीस गाठी आल्या तर सदतीस टक्के. दोरी नायलॉनची घ्या.

खेकडाचाल:

आणि पहिल्या दिवशी दोघांनी एकच चौकट वेगवेगळी मोजा, एकमेकांना आकडे न सांगता. किती फरक पडतो ते इथं नक्की लिहा. आमचा पहिल्यांदा जो पडला होता तो सांगायची लाज वाटते.