पतसंस्थेचा लाभांश आणि शेअर बाजारातला लाभांश एकाच मापाने मोजावा का?

वखारभाग, सांगली (धागा सुरू करणारे)

गेल्या महिन्यात गणपती पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानदारांनी मोबाइलवरचा संदेश माझ्यापुढे धरून विचारले, "कंपनीने ७५० टक्के लाभांश जाहीर केलाय, घेऊन टाकू का?" त्या शेअरचे दर्शनी मूल्य, म्हणजे कागदोपत्री ठरलेली मूळ किंमत, २ रुपये आहे. लाभांशाची टक्केवारी दर्शनी मूल्यावर काढतात, त्यामुळे ७५० टक्के म्हणजे एका शेअरमागे १५ रुपये. आणि बाजारात तो शेअर त्या दिवशी १,९०० रुपयांना होता. त्यांच्या पैशावर पडणारा परतावा ०.८ टक्क्याच्याही आत होता. हिशेब ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण मला त्यांच्या चुकीचे नवल वाटले नाही, कारण लाभांश म्हणजे काय हे आपण जिथे शिकलो तिथे ही चूक चूकच नव्हती.

आपल्याकडे बहुतेकांची लाभांशाशी पहिली ओळख पतसंस्थेत किंवा सहकारी बँकेत होते. सप्टेंबरमधली सर्वसाधारण सभा, अहवालाचे पुस्तक, चहा-चिवडा, एखाद्या वर्षी सभासद भेट म्हणून स्टीलचा डबा, आणि मग खात्यावर १० किंवा १२ टक्के. तिथे १०० रुपयांना घेतलेल्या शेअरचे वीस वर्षांनी राजीनामा देताना १०० रुपयेच परत मिळतात. संस्थेने राखीव निधी कितीही साठवला तरी तो आपल्या शेअरच्या किमतीत उतरत नाही, आणि लाभांशालाही महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातील ६७ व्या कलमाने साधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे तिथे लाभांश हाच सगळा परतावा असतो, आणि तो घेतल्याने मूळ शेअरचे काहीही कमी होत नाही.

बाजारातल्या शेअरचे तसे नाही. समजा एखाद्याकडे ८२० रुपये भावाचे २०० शेअर आहेत आणि कंपनीने २० रुपये लाभांश जाहीर केला. एक्स-डेटच्या, म्हणजे लाभांशाचा हक्क शेअरपासून सुटतो त्या, दिवशी शेअर घेणाऱ्याला हे २० रुपये मिळणार नसतात, म्हणून तो तेवढे कमी मोजतो आणि बाजारात दुसरे काही घडले नाही तर शेअर ८०० च्या आसपास उघडतो. भाव कोणी हाताने उतरवत नाही. घेणाराच तेवढा सावध असतो. काही दिवसांनी बँकेत ४,००० रुपये जमा झाल्याचा संदेश येतो आणि आपण ते उत्पन्न समजतो, पण तेवढेच ४,००० रुपये डिमॅटमधल्या, म्हणजे शेअरच्या खात्यातल्या, मोलातून आधीच गेलेले असतात. हरिपूरच्या पेवातून (जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यातून) हळदीची चार पोती काढली तर पोती हातात येतात हे खरे, पण पेवातली चार पोती कमी झाली हेही तितकेच खरे. पेवात पोती वाढतात ती शेतातल्या पिकामुळे, काढण्यामुळे नाहीत.

माझे मत असे की नुसत्या लाभांशाकडे पाहून शेअर घेणे ही पतसंस्थेची सवय चुकीच्या जागी वापरणे आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

निवृत्त शिक्षिका, मिरज

आपले गणित मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. मी निवृत्त आहे. पेन्शन महिन्याला ४५,००० रुपये आणि सहा कंपन्यांचे शेअर, त्यांतून वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार लाभांश येतो. आपण म्हणाल की लाभांश न देणारी कंपनी घ्या आणि गरजेपुरते शेअर विका, परिणाम एकच. कागदावर एकच असेल. मार्च २०२० मध्ये बाजार रोज कोसळत असताना दवाखान्याच्या बिलासाठी शेअर विकायची वेळ माझ्यावर आली नाही, कारण लाभांशाचे पैसे बाजूला पडलेले होते. पडलेल्या भावात तीच रक्कम उभी करायला दीडपट शेअर विकावे लागले असते आणि ते पुन्हा माझ्याकडे आले नसते. घर म्हशीच्या दुधावर चालवावे, म्हैस विकून नव्हे.

करही पाहा. एप्रिल २०२० पासून लाभांशावर कंपनीऐवजी भागधारकाला त्याच्या स्लॅबप्रमाणे कर बसतो, म्हणून लाभांश महाग पडतो असे सगळे सांगतात. तो महाग पडतो ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये बसणाऱ्याला. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट आहे आणि लाभांश त्या साध्या उत्पन्नात धरला जातो, त्यामुळे माझा कर शून्य. शेअर विकून नफा घेतला असता तर सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्याला १२.५ टक्के कर आहे आणि त्याला ही सूट लागू होत नाही. आपला सल्ला तरुण पगारदारांसाठी असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

तासगाव

मी कर सल्लागारांच्या कार्यालयात काम करतो. ताईंचे कराचे म्हणणे बरोबर आहे, फक्त एक जोड द्यायला हवी. एका कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांहून अधिक लाभांश आला तर (ही मर्यादा एप्रिल २०२५ पूर्वी ५,००० होती) कंपनी १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. कर शून्य असणाऱ्याने विवरणपत्र भरले नाही तर ते पैसे तिकडेच राहतात, आणि असे लोक आमच्याकडे दरवर्षी येतात.

मात्र "लाभांश म्हणजे आपलेच पैसे" या वाक्यातून लाभांश बिनमहत्त्वाचा आहे असे कोणी समजू नये. दूरदर्शनवर दिसणारा निफ्टी या शेअर निर्देशांकाचा आकडा फक्त भावाचा असतो. लाभांश पुन्हा त्याच शेअरमध्ये गुंतवला असे धरून काढलेला निर्देशांक वेगळा असतो, आणि फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांनी आपली तुलना त्याच्याशीच करावी असा सेबीचा (बाजार नियामक मंडळाचा) नियम आहे. समजा नुसता भाव वर्षाला १२ टक्क्यांनी वाढला, तर १ लाखाचे वीस वर्षांत सुमारे ९ लाख ६५ हजार होतात. त्यात वर्षाला १.३ टक्के लाभांश मिळवून तो पुन्हा गुंतवत राहिले, तर कर बाजूला ठेवून तेच सुमारे १२ लाख १५ हजार होतात. फरक अडीच लाखांचा, म्हणजे मूळ गुंतवणुकीच्या अडीच पट. हा लाभांश बचत खात्यात पडून राहिला आणि लग्नकार्यात खर्च झाला तर तो फरक कधी दिसतच नाही. सांगलीत शेअर बाळगणारे पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत मी हेच पाहिले आहे.

कराड

वखारभागांचा युक्तिवाद १९६१ मध्ये मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेलाच आहे: कर नाही, दलाली नाही आणि राखून ठेवलेला पैसा कंपनी योग्यच वापरणार, असे धरले तर लाभांश दिला काय, न दिला काय, मालकाला सारखेच. माझा आक्षेप तिसऱ्या गृहीतकावर आहे. पेवात ठेवलेली हळद राखणारा कोण, हे तुम्ही विचारलेच नाही. प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांच्या, हाती रोकड साठली की ती भलत्याच धंद्यात, घरच्या माणसांच्या कंपन्यांना दिलेल्या कर्जात किंवा अवाच्या सवा किमतीला घेतलेल्या कारखान्यात कशी जिरते, हे साखरपट्ट्यातल्या माणसाला मी सांगायला नको. नफा ताळेबंदात दाखवता येतो. लाभांशासाठी रोख मोजावी लागते.

वखारभाग, सांगली

कराडच्या आक्षेपात तथ्य आहे, पण मोठा लाभांश म्हणजे चांगला कारभार असेही नव्हे. कोल इंडियाचे उदाहरण सर्वांसमोर आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये २४५ रुपयांना शेअर विक्रीला आला. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने एका शेअरमागे २९ रुपये अंतरिम लाभांश दिला आणि पुढेही ती दरवर्षी भरघोस लाभांश देत राहिली. तरी २०२० मध्ये शेअर १२५ च्या खाली गेला होता. तिथे सर्वांत मोठा भागधारक केंद्र सरकार आहे. सरकारी कंपन्यांनी निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) ५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढा किमान लाभांश द्यावा, असा दंडक २०१६ मध्ये घातला गेला (नोव्हेंबर २०२४ मध्ये ५ चे ४ टक्के झाले). म्हणजे त्या लाभांशामागे धंद्याच्या गरजेइतकीच सरकारी तिजोरीची गरजही असते. पुढे तो भाव सावरला हे मी नाकारत नाही. पण २०२० मध्ये नुसता भाव पाहणारा जेवढा घाबरला असेल, तेवढा नुसता लाभांश पाहणारा बेसावध राहिला असेल, आणि दोघांचाही हिशेब अर्धाच होता.

ताईंच्या म्हशीबद्दल एवढेच की या म्हशीचे दूध काढले की तिचे वजन तेवढ्यानेच घटते. चारा पुरेसा असेल तर ती भरून येते. काही कंपन्यांत चारा संपलेला असतो आणि दूध मात्र चालू असते. त्यांचा लाभांशाचा दर सर्वांत आकर्षक दिसतो, कारण भाव पडला की तोच लाभांश टक्केवारीत मोठा होतो. आपल्या सहा कंपन्यांचा पाच वर्षांचा हिशेब मांडून पाहावा: आजचा भाव अधिक मिळालेला सगळा लाभांश, आणि समोर पाच वर्षांपूर्वीचा भाव.

हरिपूर

विषय निघालाच आहे म्हणून दोन गोष्टी. बोनस शेअरला, म्हणजे कंपनी भागधारकांना फुकट देते त्या जादा शेअरला, काही जण शेअरच्या रूपातला लाभांश म्हणतात, पण त्यात कंपनीतून एक पैसाही बाहेर जात नाही. एकास एक बोनस मिळाला की १०० चे २०० शेअर होतात आणि भाव निम्मा होतो. कंपनी कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे लाभांशाऐवजी बोनस शेअर देताही येत नाहीत. शिवाय आता बोनस शेअरची खरेदी किंमत करासाठी शून्य धरतात, त्यामुळे ते विकल्यावर आलेली सगळी रक्कम नफाच ठरते.

दुसरी गोष्ट घरची. २००५ च्या महापुरात आईचे कागदी शेअर भिजले, नंतर पत्ता बदलला आणि लाभांशाची पत्रे यायची थांबली. सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही तर तो आणि त्यासोबत मूळ शेअरसुद्धा केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतात. आमचे तसेच झाले. परत मागता येतात, आम्ही अर्ज केला आहे, वारसदाखल्यापासून सगळी कागदपत्रे जोडली आहेत आणि वाट पाहतो आहोत. लाभांश ही कमाई आहे की नाही, हा वाद घालायला तो आधी खात्यावर यावा लागतो.

निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तराला चार दिवस लागले, कारण पाच वर्षांची बँक पासबुके शोधून प्रत्येक नोंद वहीत उतरवावी लागली. सहापैकी पाच कंपन्यांत भाव आणि लाभांश मिळून हिशेब वाढीचाच निघाला, म्हणून त्या पाचांबद्दलचे माझे मत मी बदललेले नाही. सहावी माझ्या सर्वांत आवडीची होती, कारण तिचा लाभांश सर्वांत मोठा यायचा आणि तो दिवाळीच्या तोंडावर यायचा. पाच वर्षांपूर्वी ४१० रुपयांना घेतलेला तो शेअर आज २६२ रुपयांना आहे आणि एका शेअरमागे एकूण ११८ रुपये लाभांश मिळाला. बेरीज ३८० होते. पाच वर्षे मी माझेच पैसे हप्त्याने परत घेत होते आणि त्यातही शेअरमागे ३० रुपये कमी पडले.

तो विकणार आहे. तासगावच्या सरांना विचारायचे आहे की हा दीर्घकालीन तोटा याच वर्षी दुसऱ्या एका शेअरच्या दीर्घकालीन नफ्यातून वजा करता येईल ना?

तासगाव

येईल. दीर्घकालीन तोटा दीर्घकालीन नफ्यातूनच वजा होतो आणि उरला तर पुढे आठ वर्षे ओढता येतो, मात्र विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. ४१० ची खरेदी दाखवणारी दलालाची काँट्रॅक्ट नोट सापडली तर तीही जपून ठेवावी.