माउंटन बाइकला टिकाऊ चेन कोणती?

डोंगरवाट
१२ गिअरची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) आहे, गिअरचं सगळं सामान शिमानो डिओर एम६१००. चेन चेकरची (झीज टक्क्यांत मोजायची पट्टी) ०.५ ची बाजू आता आरामात आत बसते, ०.७५ ची अजून नाही. चेन बदलायचीच आहे, पण कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) धड आहे, ती वाचवायची आहे. चालवणं बहुतेक ओल्या मातीत, आणि चढावर जोर लावतानाच गिअर बदलायची खोड. परत डिओरचीच घ्यावी, की शिमानोच्याच वरच्या श्रेणीतली एक्सटी, एक्सटीआर? दुसऱ्या कंपनीची, स्रॅमची ईगल चालेल का? तीही १२ गिअरचीच. वजनाशी मला देणंघेणं नाही, टिकली पाहिजे.

चाकंकरकर
गंजरोधक लेप असलेली कुठलीही घ्या. गंजली नाही की टिकतेच.

पाना_पकड
गंज आणि झीज ही दोन वेगळी दुखणी आहेत. चकचकीत चेनही झिजते. आपण 'चेन ताणली' म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि तिच्यावर फिरणारी आतल्या पट्टीची कड एकमेकींना खातात. दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी, प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई आली की ती साठत जाते आणि चेन कॅसेटच्या दातांवर चढून बसायला लागते. ११-१२ गिअरला ०.५ वर बदलायची ती याचसाठी, त्यामुळे तुमची वेळ बरोबर आहे.

आता निवड. तुमची कॅसेट हायपरग्लाइड प्लस, म्हणजे शिमानोच्या जोरातही गिअर बदलू देणाऱ्या रचनेची आहे. तिच्या चेनच्या आतल्या पट्ट्या मुद्दाम लांबवलेल्या असतात, म्हणून जोर असतानाही गिअर गुपचूप बदलतो. ईगलची चेन फिरेल, पण ही सोय जाईल, आणि तुमच्या खोडीला नेमकी तीच हवी. स्रॅमची वरून सपाट असलेली टी-टाइप तर बघूच नका, ती त्यांच्या 'ट्रान्समिशन' नावाच्या वेगळ्या गिअर संचासाठीच आहे. (कॅसेट ईगलची असती तर डोळे झाकून एक्स०१ म्हणालो असतो: हार्ड क्रोमचा लेप आणि भरीव पिना.) एक्सटीआरच्या पोकळ पिना वजन वाचवतात, ते तुम्हाला नकोच आहे. एक्सटी घ्या.

बाकी आयुष्य तेलावर. थेंब चेनच्या रोलरवर, मग फडक्यात धरून पेडल उलटं फिरवत बाहेरचं सगळं पुसा. बाहेर राहिलेलं तेल वाळू धरतं आणि घासणीचं काम करतं. तेलाऐवजी मेण लावलेली चेन याहून जास्त टिकते, पण आधी कारखान्यातलं ग्रीस पूर्ण उतरवावं लागतं आणि चिखलात मेण लवकर धुऊन जातं. दर वेळी चेन काढायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

डोंगरवाट
एक्सटी ठरली. जुनी शेजारी टांगून तेवढीच कापू ना? आणि जुनी क्विक लिंक (चेनची टोकं जोडणारा दुवा) चालेल?

पाना_पकड
टांगून नको, दुवे मोजा. ११६ दुव्यांची चेन अर्धा टक्का झिजली की सात मिमीहून जास्त लांब भरते, नजर फसते. क्विक लिंक नवीच. १२ गिअरवाली शिमानो पुन्हा वापरू देत नाही. ती वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबा, पेडलवर जोर द्या. 'टक' ऐकू आलं की बसली.

चाकंकरकर
नवी चेन जोर लावल्यावर एखाद्याच चकतीवर उडत असेल तर ती चकती झिजलीय, चेनला दोष देऊ नका. सगळ्यात जास्त वापरता ती आधी तपासा.