आबांना (वडील) घेऊन पहिल्यांदाच यूएफसी बघायला जायचंय, अबू धाबी. सीट, वेळ, नियम, जाणकारांनी सांगा

वाळवेकर_शारजा

नमस्कार मंडळी. येत्या २६ ऑक्टोबरला एतिहाद अरेनात यूएफसी ३०८ आहे (पिंजऱ्यात ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या फाईटी), तोपुरिया विरुद्ध हॉलोवे आणि त्याच्या आधी चिमाएव विरुद्ध व्हिटाकर. मी मोबाईलवर पाच-सहा वर्षं बघतोय पण प्रत्यक्ष कधीच गेलो नाही. यावेळी जायचं कारण आमचे आबा. वय ६६, गावाकडनं दोन महिन्यांसाठी आलेत. तरुणपणी तालमीत होते, आसपासच्या जत्रांचे फड मारलेत, कोल्हापूरला खासबागेच्या कुस्ती मैदानात पण उतरलेत, अजून दोन्ही कान मोडलेले आहेत. इथं फ्लॅटमध्ये दिवसभर बसून पार कोमेजलेत. परवा माझ्या शेजारी बसून चिमाएवची जुनी फाईट बघितली आणि एकदम सावरून बसले, म्हणाले "ह्यो पट झकास काढतोय की रं, कुठल्या तालमीचा?" (पट म्हणजे पाय धरून पाडायचा डाव.) इथं आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काहीतरी विचारलं. तेव्हाच ठरवलं न्यायचं.

आता प्रश्न असे की तिकीट खालचं घेऊ का वरचं, पैसे साठवलेत थोडे. संध्याकाळी सहाला सुरू होतं आणि मेन कार्ड (शेवटच्या मोठ्या फाईटी) रात्री दहाला, म्हणजे मध्यरात्र उलटणार, एवढा वेळ त्यांना झेपेल का, का उशिरा जाऊ? आणि रक्त वगैरे बघून त्यांना कसं वाटेल? कुस्तीत लाथाबुक्क्या नसतात, ते नाराज होऊन बसले तर मला फार वाईट वाटेल.

मुसफ्फा_मराठी

आबांना नक्की न्या, आणि उशिरा अजिबात जाऊ नका, हे पहिलं सांगतो.

मी गेल्या वर्षी यूएफसी २९४ ला होतो, २१ ऑक्टोबर २०२३, हेच अरेना. सगळे मखाचेव्ह-वोल्कानोव्स्कीसाठी आले होते पण मी गेलो होतो आपल्या अंशुल जुबलीसाठी. उत्तराखंडचा पोरगा, तोवर एकही हरलेला नव्हता, समोर माइक ब्रीडेन. त्याची फाईट मेन कार्डच्या बरीच आधी होती आणि तेव्हा अर्ध्याच्या वर खुर्च्या रिकाम्या. आम्ही वीस-पंचवीस भारतीय इकडे तिकडे विखुरलेले, कोणी कोणाला ओळखत नाही, पण एकाने "अंशुल" म्हणून हाळी दिली की दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर यायचं. तिसऱ्या राउंडला ब्रीडेनचा ठोसा लागला आणि अंशुल कोसळला. मी कितीतरी वेळ उभाच होतो. पण सांगायचं ते हे, की त्या रिकाम्या हॉलमध्ये मला त्यांच्या कोपऱ्यातले कोच काय ओरडतायत ते शब्दन् शब्द ऐकू येत होतं, आणि मांडीवर लाथ बसली की ओल्या गोधडीवर धोपाटणं हाणल्यासारखा आवाज. टीव्हीवर तो आवाज असा येतच नाही. रात्री दहानंतर गर्दी आणि म्युझिक इतकं की यातलं काही कानावर पडत नाही. पैलवान माणसाला खरी मजा सुरुवातीच्या फाईटींमध्ये येणार बघा.

सीटबद्दल. फ्लोअरची मागची रांग घेऊ नका, कितीही भारी वाटली तरी. तिथं जमीन सपाट, पुढच्यांची डोकी मध्ये येतात, ऑक्टॅगन (फाईटीचा आठकोनी पिंजरा) उंचावर, त्यात भोवती जाळी आणि आठ कोपऱ्यांचे जाडजूड खांब. दोघं खाली पडले की दिसतं काय तर खांब. मग तीन तास मान वर करून स्क्रीनच बघायचा. त्यापेक्षा खालच्या टप्प्यात दहा-पंधरा पायऱ्या वरची सीट घ्या, तिथून आत बघता येतं. खासबागेत कुठंही बसा, मधे काही येत नाही, इथं तसं नाहीये.

एसी कडक असतो, आबांना शाल किंवा जाकीट हवंच. आणि कापसाचे बोळे घ्या कानात घालायला.

निळा_पट्टा

मी दुबईत जुजुत्सु शिकते, तीन वर्षं झाली, आणि माझे आजोबा पण पैलवान होते, म्हणून तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

रक्ताची काळजी मला फारशी वाटत नाही, ज्याने मातीत हाडं मोडून घेतलीत त्याला रक्ताचं काय. माझ्या आजोबांना खटकलं ते वेगळंच. कुस्तीत पाठ टेकली की विषय संपला, चितपट, हलगी वाजली. इथं मात्र खाली पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो, तो पायांनी वरच्याला कवेत धरतो, त्याला आम्ही गार्ड म्हणतो, आणि तिथूनच त्याचा हात मोडायची किंवा मांड्यांत मान आवळायची तयारी चालू असते. हे ज्याला माहीत नाही त्याला वाटतं की अरे हा चितपट झाला तरी पंच सोडवत का नाहीत.

आणि दुसरं याच्या बरोब्बर उलटं. पैलवानाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की पाठ लागू द्यायची नाही, पोटावर उलटायचं, माती धरून बसायचं. इथं पोटावर वळलात म्हणजे समोरच्याला पाठ दिली, तो वर चढतो, पायांचा विळखा घालतो आणि मागून गळा धरतो. म्हणजे ज्या सवयीने कुस्तीत जीव वाचतो तीच इथं गळ्याशी येते. पट काढताना पण तेच, डोकं बाहेरच्या बाजूला राहिलं तर मान समोरच्याच्या काखेत सापडते, त्याला गिलोटिन म्हणतात. आपला भरत खंडारे, यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय, कुस्तीतूनच आलेला, नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये साँग यादोंगकडून पहिल्याच राउंडला गिलोटिनवरच हरला. आबांना हे एवढं आधी दाखवा, घरी सतरंजीवर तुम्हीच करून दाखवा, मग बघा ते किती बारकाईने बघतील.

गुणांचं सोपं आहे. पाच मिनिटांचा राउंड, साधारण फाईट तीन राउंड, टायटलची पाच. तीन जज, राउंड जिंकला त्याला १० आणि हरला त्याला बहुतेक वेळा ९. हाताने दोन-तीनदा थोपटलं म्हणजे हार मानली, ते थोपटणं फार पटकन होतं, लक्ष ठेवा.

जमलं तर आदल्या दिवशी संध्याकाळचं वजन बघायला पण न्या. खरं वजन सकाळीच झालेलं असतं, संध्याकाळचं फक्त लोकांसमोर दाखवायला, पण गडी जवळून दिसतात.

बर_दुबई_४००

वरच्या दोघांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त तिकिटाचं सांगतो. अधिकृत विक्रीतूनच घ्या. मी मागे एका दुसऱ्याच वेबसाईटवरून घेतलं होतं, नाव घेत नाही, दारात स्कॅन केलं तर आधीच वापरलेलं म्हणून लाल दिवा, बायको बरोबर होती, पाऊण तास भांडून परत आलो. आणि परतीला पार्किंगमधून बाहेर पडायलाच खूप वेळ जातो, वडिलांना आधी वॉशरूमला नेऊन मग गाडीत बसवा.

वाळवेकर_शारजा

सगळ्यांचे मनापासून आभार. खालच्या टप्प्यातली दोन तिकिटं घेतली. ताई, काल रात्री आबांना गिलोटिन दाखवलं, म्हणजे मी पट काढला आणि त्यांना मान धरायला सांगितली. त्यांनी अशी आवळली की माझ्या डोळ्यापुढं काजवे चमकले. मग बराच वेळ गप्प होते आणि म्हणाले, आमच्या वस्तादांनी हे शिकवलं असतं तर.

वाळवेकर_शारजा

जाऊन आलो मंडळी, काल रात्री तीनला घरी पोचलो, झोप नाही म्हणून लगेच लिहितोय.

शुक्रवारी वजनाला नेलं होतं. आबा स्टेजकडं बघत होते आणि मला कोपर मारून एकेकाचे कान दाखवत होते, "ह्यो कुस्तीचा, ह्यो बी कुस्तीचा, ह्यो नुसता ठोसेवाला." मी मोबाईलवर एकेकाची माहिती काढून बघत होतो, चुकले नाहीत कुठं.

काल पावणेसहालाच आत होतो, मुसफ्फाकर दादांनी सांगितलेलं तसंच, रिकाम्या खुर्च्या आणि आवाज. रेंबेत्स्की आणि ओरोलबाई यांची फाईट झाली ती बघून मीच घाबरलो, रेंबेत्स्कीचं तोंड सुजून रक्ताने माखलेलं, डोळा दिसेना, आणि तरी पुढं पुढंच जातोय. मी आबांना विचारलं, जाऊया का बाहेर थोडा वेळ? त्यांनी माझा हात बाजूला केला, नजर काढली नाही. निकाल लागला, रेंबेत्स्की जिंकला, तेव्हा आबा उभे राहून दोघांसाठी टाळ्या वाजवत होते, शाल खाली पडलेली. पुढच्या रांगेतला एक किरगिझ माणूस वळून बघायला लागला, त्याने आबांचे कान बघितले, स्वतःचा कान दाखवला आणि हात पुढं केला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण त्यानंतर प्रत्येक पटाला तो वळून आबांकडं बघायचा आणि आबा मान हलवायचे किंवा तोंड वाकडं करायचे.

चिमाएव आला तेव्हा अख्खं अरेना हादरत होतं. घंटा झाली आणि काही सेकंदांत तो व्हिटाकरच्या पायात शिरला. आबा पुटपुटत होते, नको वळू, नको वळू, पाठ नको देऊ. पहिल्याच राउंडला चिमाएव मागनं चढला, हात गळ्याऐवजी जबड्यावरच आवळला आणि व्हिटाकरने लगेच थोपटलं. ताई, तुम्ही सांगितलेलं थोपटणं, मला दिसलंच नाही, मी स्क्रीनकडं बघत होतो. आबांनी आधी बघितलं आणि माझी मांडी धरून ओरडले "सोडला!"

मेन इव्हेंटला तिसऱ्या राउंडला तोपुरियाने हॉलोवेला झोपवलं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंच असेल, आबा मात्र गाडीत त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. शारजा येईपर्यंत जबड्याचंच. सिग्नलला थांबलो की माझ्या हनुवटीखाली मनगटाचं हाड लावून दाखवायचे, हितं लावला त्यानं, हितं, गळ्यापतुर जायची गरजच न्हाई.

आता सकाळपासनं एकच धरून बसलेत, भरतची शांघायची फाईट त्यांना बघायचीय, मान नेमकी कुठं अडकली ते. पूर्ण फाईट अधिकृतपणे कुठं बघायला मिळेल कुणाला माहीत असेल तर सांगा, ते २ डिसेंबरला परत जातायत.