माकडाच्या थॅलॅमसमधली ही पेशी रिले की इंटरन्यूरॉन?

तंतुवेध:
नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मकाक माकडाच्या लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियसच्या (मेंदूतल्या थॅलॅमसमधलं, डोळ्याकडून आलेले संदेश पुढे पाठवणारं केंद्रक), गोल्जी पद्धतीने (मोजक्याच पेशी चांदीच्या क्षारांनी पूर्ण रंगवणारी पद्धत) रंगवलेल्या जुन्या स्लाइड्स मला मिळाल्या आहेत. गेले तीन आठवडे एकेक पेशी टिपतेय. सहा थर नीट ओळखू आले: खालचे दोन मॅग्नो, म्हणजे मोठ्या पेशींचे, आणि वरचे चार पार्व्हो, म्हणजे लहान पेशींचे. घोडं अडलंय पुढे. रिले पेशी (संदेश मेंदूच्या बाह्यपटलाकडे पाठवणाऱ्या) मोठ्या आणि इंटरन्यूरॉन (तिथल्या तिथेच जोडणाऱ्या पेशी) लहान, असं वाचलं होतं. म्हणून पेशीकायेचे व्यास मोजत बसले, पण पार्व्हो थरांत मोठ्या-लहानची रेघच ओढता येत नाही. चौथ्या थरातल्या एका बारीक पेशीच्या डेंड्राइटवर (संदेश घेणाऱ्या फांदीवर) गोळ्यांचे घोस आहेत. तसेच गोळे तिच्या शेजारच्या, जरा मोठ्या पेशीवरही आहेत. ॲक्सॉनवरून (संदेश पुढे नेणाऱ्या तंतूवरून) ठरवावं म्हटलं, तर तो थोडा पुढे जातो आणि संपतो. नेमकं कशाकडे बघू?

कागदपेन्सिल:
तंतुवेध, आधी ॲक्सॉनचं सांगतो, म्हणजे स्लाइड खराब आहे ही शंका जाईल. गोल्जीच्या रंगात चांदीचे क्षार पेशीत बसतात, पण मायलिनचं, म्हणजे ॲक्सॉनभोवतीच्या स्निग्ध थराचं, वेष्टण सुरू झालं की तिथून पुढे ते सहसा चढत नाहीत. प्रौढ प्राण्याच्या रिले पेशीचा ॲक्सॉन लवकरच मायलिनमध्ये शिरतो, म्हणून तो तुम्हाला ‘संपलेला’ दिसतो. याच पद्धतीने मेंदूच्या पेशींची चित्रं काढणाऱ्या काहाल या शास्त्रज्ञाने भ्रूण आणि नवजात प्राणी निवडले त्यामागे हेच कारण होतं.

आता मूळ प्रश्न. पेशीकाया मोजणं थांबवा. मी स्वतः कॅमेरा ल्युसिडाखाली (सूक्ष्मदर्शकातलं दृश्य कागदावर गिरवायचं साधन) चारेक वर्षं अशाच पेशी काढल्या. पहिल्या वर्षी आकारमानावरून लावलेली जवळजवळ सगळी लेबलं मला नंतर बदलावी लागली. पेशी ओळखायची तिच्या फांद्यांवरून.

रिले पेशीचे मुख्य डेंड्राइट जाड असतात. कायेपासून थोडं अंतर गेले की एकाच जागी त्यांना भराभर फांद्या फुटतात, झुडपासारख्या. मॅग्नो थरात हे झुडूप चहूबाजूंनी पसरतं. पार्व्हो थरात ते बहुधा थराला काटकोनात, दोन टोकांकडे ओढल्यासारखं दिसतं. तुमचे गोळे या फांद्या फुटण्याच्या जागेपाशी, कायेच्या जवळ घोसाने बसले असतील, तर ती पेशी रिले धरा.

इंटरन्यूरॉनची चाल वेगळी. डेंड्राइट बारीक, लांब, वाकडेतिकडे, आणि फांद्या कमी. गोळे तिथेही असतात, पण नाजूक देठाच्या टोकाला लोंबणारे, कायेपासून अगदी दूरपर्यंत विखुरलेले. कधी कधी हा डेंड्राइट ॲक्सॉन समजून काढला जातो. त्याला कारणही आहे, कारण तो ॲक्सॉनचंच काम करतो! या गोळ्यांत सिनॅप्सच्या पुटिका, म्हणजे संदेशवाहक रसायनाच्या सूक्ष्म पिशव्या, असतात. दृष्टिपटलाकडून आलेलं टोक एकाच वेळी रिले पेशीच्या डेंड्राइटला आणि या गोळ्याला भिडतं, आणि तो गोळा पुन्हा त्याच रिले डेंड्राइटवर गाबा हे संदेश रोखणारं रसायन सोडून तिला आवर घालतो. या तिकडीला ट्रायड म्हणतात. ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते, तुमच्या स्लाइडवर नाही. पण गोळा दिसला की त्याच्याभोवती काय चाललेलं असतं, हे डोळ्यांसमोर असू द्या. डेंड्राइट फक्त संदेश घेतो, असं शाळेत शिकलेलं इथे बाजूला ठेवावं लागतं. मला तरी थॅलॅमसमधली याहून सुंदर गोष्ट ठाऊक नाही.

मूषकमित्र:
मी उंदरांवर काम करतो, म्हणून एक भर. उंदराच्या थॅलॅमसमध्ये जेनिक्युलेट सोडलं तर इंटरन्यूरॉन जवळपास नसतातच, आवर घालण्याचं काम मुख्यतः रेटिक्युलर न्यूक्लियसकडून (थॅलॅमसभोवतीच्या पेशींच्या पातळ थराकडून) होतं. माकडात मात्र इतर केंद्रकांतही ते भरपूर आहेत, ढोबळमानाने चारात एक. त्यामुळे उंदरावरचे शोधनिबंध वाचून माकडाच्या स्लाइडवर अंदाज बांधू नका. दुसरं म्हणजे, गोल्जीत मोजक्याच पेशी रंगतात आणि त्या कुठल्या हे आपल्या हाती नसतं. कोणत्या प्रकारच्या किती पेशी, हा हिशोब या स्लाइडवरून कधीच मांडू नका. त्यासाठी गाबाची प्रतिपिंडं वापरून वेगळे छेद (मेंदूचे पातळ काप) रंगवावे लागतील.

तंतुवेध:
दोघांचेही मनापासून आभार. आज पुन्हा बघितलं. शेजारच्या मोठ्या पेशीचे घोस खरोखरच फांद्यांच्या बेचक्यात आहेत. बारीक पेशीवर मात्र गोळे देठावर लोंबतायत, आणि एक डेंड्राइट तर कायेपासून लांब, छेदाच्या वरच्या पृष्ठभागाशी येऊन तुटलाय. पण तिसऱ्या एका पेशीत दोन्ही नाही: लहान काया, तीन आखूड डेंड्राइट, गोळा एकही नाही.

कागदपेन्सिल:
त्या तिसरीचे डेंड्राइट कुठे संपतात ते फोकस वर-खाली करून बघा. टोकं छेदाच्या वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागाला टेकत असतील, तर पेशी आखूड नाही, पात्याने कापली गेली आहे. इंटरन्यूरॉनचं असं फार होतं, फांद्या लांब असल्यामुळे. लगतचा छेद जपून ठेवला असेल, तर रक्तवाहिन्यांच्या खुणा जुळवून तुटलेली फांदी पुढे शोधता येते, अर्थात तिथेही ती रंगलेली असेल तर. नाही सापडली, तर तिला ‘अनिश्चित’ या रकान्यात टाका. माझ्या वहीत तो रकाना सगळ्यात लांब होता, आणि तो तसाच ठेवला म्हणून बाकीच्या दोन रकान्यांवर मला भरवसा ठेवता आला.

त्या देठवाल्या पेशीचं चित्र जमलं तर इथे टाका. मला बघायचंय.