सेक्स्टंट म्हणजे नुसती शोभा?

ध्रुवतारा:
"पाणबुडीच्या सिम्युलेशनमध्ये सेक्स्टंट शोभेपुरता, नकाशावरचा ठिपका पुरे" हे वाचून डोकंच फिरलं. सेक्स्टंट म्हणजे तारे किंवा सूर्य क्षितिजाच्या किती वर आहेत तो कोन मोजायचं साधन, आणि ठिपका म्हणजे गेमने आयतं दाखवलेलं आपलं स्थान. दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीला पाण्याखाली तारे कुठून दिसणार? वर यायचं, तेही संधिप्रकाशात, कारण तारे आणि क्षितिज एकत्र दिसतात ते तेवढ्याच वेळात. आभाळ भरलेलं असलं की वेग आणि दिशा धरून अंदाजाने पुढे जायचं. घड्याळ ४ सेकंद चुकलं तरी रेखांश १ मिनिटाने सरकतो. ठिपका बघून ही धाकधूक कळते का?

खोलपाणी:
ते मीच लिहिलंय आणि अजूनही तेच म्हणतो. गेममधला वेळ पळवल्याशिवाय अटलांटिक ओलांडून होत नाही. रोज संध्याकाळी थांबून तारे कोण मोजत बसणार? आणि समोरच्या जहाजाचं अंतर मोजायला तर सेक्स्टंटचा काडीचा उपयोग नाही.

ध्रुवतारा:
काडीचा? डोलकाठीची उंची मीटरमध्ये घ्या, १.८५६ ने गुणा, कोनाच्या मिनिटांनी भागा, सागरी मैल हातात. ३० मीटर उंची, ३० मिनिटं कोन, म्हणजे सुमारे ३४४० मीटर. अमेरिकन पेरिस्कोपातला स्टॅडिमीटर, म्हणजे अंतरमापकही, उंची आणि कोनावरच चालायचा.

खोलपाणी:
उंची आणली कुठून? जहाजांच्या ओळखपुस्तकातून! डोलकाठी खरी २५ मीटरची निघाली तर तेच अंतर २८६५ मीटर होतं. असाच एक टँकर माझ्या हातून निसटला. अख्खी रात्र पाठलाग केला होता त्याचा!

शिडाचीदोरी:
पुस्तकाला कशाला बोल लावता? भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं, मग पाण्यावरची उंची तेवढीच कशी राहील? शिवाय डोळा पाण्यापासून ५ मीटरवर असेल तर क्षितिज साडेचार सागरी मैलांच्या थोडं पुढे. जहाज त्यापलीकडे असेल तर त्याची जलरेषाच बुडालेली. कोन कमी भरतो, अंतर जास्त येतं. तुम्ही दोघं नेमकं कुठून कुठवर मोजता ते आधी सांगा.

ध्रुवतारा:
जलरेषेपासून टोकापर्यंत, आणि ती दिसत असेल तरच. इतकं तर कुणालाही कळतं!

खोलपाणी:
मग आधी का नाही लिहिलंत? नुसतं सूत्र फेकून मोकळे!

शिडाचीदोरी:
आवाज खाली. काटकोनात गाठून टॉर्पेडोचा जायरो कोन (सोडल्यावर तो जितका वळतो तो कोन) शून्याजवळ ठेवला, तर अंतर चुकलं तरी नेम फारसा बिघडत नाही. तिथे वेग आणि दिशा बरोबर हवी.

ध्रुवतारा:
हे मान्य, पण नाइलाजाने. नेमासाठी अंतर सोडतो, स्थानासाठी तारे सोडणार नाही.

खोलपाणी:
बरं, दुपारचा सूर्य घेईन. अक्षांश तरी पटकन मिळतो. ठिपका मात्र बंद करणार नाही.