१९४७ ची स्टॉकहोमची जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धा: मुक्त स्केटिंगमध्ये सरस असूनही डिक बटन दुसरा कसा?

उत्तरवारा (प्रश्न):
नमस्कार. दुसऱ्या महायुद्धामुळे १९३९ नंतर बंद पडलेली जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धा फेब्रुवारी १९४७ मध्ये स्टॉकहोम येथे पुन्हा सुरू झाली. पुरुषांच्या गटात स्वित्झर्लंडचा हान्स गेर्शविलर पहिला आला आणि अमेरिकेचा सतरा वर्षांचा डिक बटन दुसरा. मुक्त स्केटिंगमध्ये बटन सरस ठरला होता, असे माझ्या वाचनात आले. पुढे त्याने १९४८ ते १९५२ अशी सलग पाच जागतिक विजेतेपदे आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. मग स्टॉकहोमला नेमके काय झाले? तो परीक्षकांचा पक्षपात होता, की नियमच तसे होते? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

रेघोटी:
पक्षपात म्हणण्याआधी त्या काळची गुणपद्धत पाहावी लागेल. तेव्हा एकूण गुणांपैकी साठ टक्के गुण सक्तीच्या आकृत्यांना होते आणि उड्या, गिरक्या व संगीत असलेल्या मुक्त स्केटिंगला उरलेले चाळीस. आकृत्यांमध्ये खेळाडूने कोऱ्या बर्फावर एकमेकांना चिकटलेली दोन किंवा तीन वर्तुळे पात्याच्या दोन कडांपैकी एका वेळी एकाच कडेने काढायची, ठरलेल्या जागी वळण घ्यायचे, आणि तीच आकृती तीनदा अशी गिरवायची की नवी रेघ जुन्या रेघेवरच पडावी. तो बाजूला झाला की परीक्षक बर्फावर येऊन वाकून रेघ न्याहाळत: वर्तुळ गोल आहे का, वळणापाशी कड नीट बदलली का, कोठे पाते सपाट टेकल्याने दुहेरी ओरखडा उमटला का. हे काम तासन्‌तास चाले. मुक्त स्केटिंग सुरू होण्यापूर्वीच क्रमवारीचा मोठा भाग ठरलेला असे, आणि स्टॉकहोमला आकृत्यांनंतर गेर्शविलर पुढे होता.

दुसरी गोष्ट निकालाची. केवळ गुणांची बेरीज करून विजेता ठरत नसे. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्या परीक्षकाचा स्वतंत्र क्रम लावला जाई आणि बहुसंख्य परीक्षकांनी ज्याला पहिला क्रमांक दिला, तो जिंके. समजा पाच परीक्षक आहेत. तिघांनी एका खेळाडूला अगदी थोड्या फरकाने वर ठेवले आणि दोघांनी दुसऱ्याला भरघोस फरकाने, तरी पहिलाच विजेता. एकाच परीक्षकाने भरमसाट गुण देऊन निकाल फिरवू नये, यासाठी ही सोय होती आणि मला ती आजही शहाणपणाची वाटते. बटनच्या बाजूने असे बहुमत झाले नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ आहे. गेर्शविलर त्याच वर्षी दावोसला युरोपीय विजेताही झाला होता, तेव्हा त्याचे यश कमी लेखू नये.

शिशिरधून:
रेघोटी यांनी नियम अचूक सांगितला, पण तो नियम न्याय्य होता असे मला वाटत नाही. जे कौशल्य प्रेक्षकाला दिसतही नाही, त्याला साठ टक्के वजन देणे म्हणजे अभ्यासालाच मैफल मानणे होय. स्टॉकहोमला उपस्थित असलेले उलरिख साल्शो, ज्यांच्या नावाची उडी आजही मारली जाते आणि ज्यांनी दहा वेळा जागतिक विजेतेपद मिळवले होते, ते या निकालाने इतके हळहळले की १९०१ मध्ये स्वतः जिंकलेला चषक त्यांनी बटनला भेट दिला. (बटनने तो पुढे १९७२ मध्ये जॉन मिशा पेटकेविच या अमेरिकन खेळाडूकडे सोपवला.) याच व्यवस्थेचे टोक १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये दिसले: ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शूबा मुक्त स्केटिंगमध्ये सातवी येऊनही आकृत्यांच्या बळावर सुवर्णपदक घेऊन गेली. तोवर दूरचित्रवाणीवर सामने पाहणाऱ्या लोकांना हे काही केल्या उमगेना. आकृत्यांचे वजन १९६८ नंतर पन्नास टक्क्यांवर आले होतेच; १९७३ पासून लघु कार्यक्रम, म्हणजे ठरवून दिलेल्या उड्या-गिरक्यांचा छोटा संगीतबद्ध भाग, आला आणि १९९० नंतर आकृत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळल्या गेल्या.

रेघोटी:
शिशिरधून, आपला मुद्दा मान्य आहे, तरी एक विनंती. बटनने स्टॉकहोमनंतर आकृत्यांकडे पाठ फिरवली नाही. १९४८ च्या सेंट मॉरिट्झ ऑलिंपिकमध्ये तो आकृत्यांमध्येच पहिला होता, आणि ती आघाडी हाती असतानाही त्याने आदल्या दिवशीच जमलेली दुहेरी अ‍ॅक्सेल उडी स्पर्धेत मारली. स्पर्धेत ती यशस्वीपणे मारणारा तो पहिला खेळाडू. कडांवरचा ताबा आणि उडी यांना एकमेकांचे शत्रू मानू नये. उडीची उठावणी कडेवरूनच होते.

ओटावाकर:
मी कॅनडात राहतो, म्हणून याच स्पर्धेतील महिला गटाविषयी लिहितो. तेथे ओटावाची बार्बरा अ‍ॅन स्कॉट विजयी झाली आणि जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली उत्तर अमेरिकन महिला ठरली. आकृत्यांची तालीम तिने लहानपणापासून कसोशीने केली होती, आणि दुहेरी लुट्झ ही उडी स्पर्धेत मारणारी पहिली महिलाही तीच. परतल्यावर शहराने तिला ब्युइक मोटार भेट दिली; परंतु हौशी खेळाडूला अशी भेट चालत नाही, असा आक्षेप अमेरिकी ऑलिंपिक संघटनेचे प्रमुख एव्हरी ब्रंडेज यांनी घेतल्यामुळे ऑलिंपिकमधील प्रवेश वाचवण्यासाठी तिने ती परत केली. पुढच्या वर्षी सेंट मॉरिट्झला तिने सुवर्णपदक जिंकले. ओटावाच्या नगरभवनात तिच्या पदकांचे आणि वस्तूंचे दालन आहे. इकडे येणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

उत्तरवारा:
सर्वांचे मनापासून आभार. पक्षपाताची शंका मी मागे घेतो. एक उपप्रश्न: स्कॉट १९४७ मध्ये युरोपीय विजेतीही होती असे दिसते. कॅनडाची खेळाडू युरोपीय स्पर्धेत कशी?

रेघोटी:
तेव्हा ती स्पर्धा बाहेरच्या खेळाडूंनाही खुली होती. जानेवारी १९४८ मध्ये प्राग येथे महिलांमध्ये स्कॉट आणि पुरुषांमध्ये गेर्शविलरला मागे टाकून बटन, असे दोन्ही एकेरी किताब उत्तर अमेरिकेला गेले. त्यानंतर ही स्पर्धा केवळ युरोपीय खेळाडूंपुरती मर्यादित करण्यात आली. त्यामुळे युरोपीय विजेता ठरलेला एकमेव अमेरिकन पुरुष म्हणून बटनचेच नाव नोंदले गेले आहे.